काचेच्या कपाटातील जपानी पेन्सिली

आमच्या चित्रकला कक्षातील काचेच्या कपाटात जुन्या जपानी पेन-पेन्सिली मांडलेल्या आहेत. त्या पाहून पालक विचारतात, "यात जपण्यासारखे काय आहे?" प्रश्न रास्त आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर द्यावे, असे आम्हांस वाटले.

या पेन्सिलीच्या इतिहासात टोकुजी हायाकावा हे नाव आदराने घेतले जाते. लहानपणीच दत्तक गेलेला हा मुलगा शाळा सोडून धातुकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस लागला. १९१५ साली त्याने धातूची, शिसे पुढे सरकवणारी पेन्सिल घडवली. १९२३ च्या भूकंपात त्याचा कारखाना, पत्नी व मुले गेली. कर्जापायी पेन्सिलीचे हक्कही गेले. ओसाका येथे त्याने पुन्हा आरंभ केला आणि पुढे रेडिओ बनवले. आजची 'शार्प' कंपनी ती हीच. नाव मात्र पेन्सिलीचे राहिले.

शिसे म्हणतो खरे, पण ते असते ग्राफाइट. साध्या पेन्सिलीत ते मातीत मिसळून भाजतात. फार बारीक केले तर ते तुटते. १९६० साली पेंटेल कंपनीने मातीऐवजी कृत्रिम राळ वापरली, आणि पुढे अर्ध्या मिलिमीटरची कांडीही टिकू लागली. खटका दाबला की पितळी चिमटा कांडी धरून पुढे नेतो, कड्याबाहेर येताच उघडतो आणि स्प्रिंगने मागे येऊन पुन्हा आवळतो. रेघेची जाडी सारखी राहते, टोक करावे लागत नाही. आरेखकांना हेच हवे होते.

जुनी पेन्सिल घेताना प्रथम टोकाची नळी सरळ आहे का, ते पाहावे. कागदावर दाबल्यास कांडी आत सरकत असेल तर चिमटा झिजला, असे समजावे. अक्षरे पुसली जातील इतके घासून चकचकीत करू नये. आमच्या मते ओरखडे असलेली पेन्सिलच अधिक मोलाची.

आमच्याकडील बहुतेक पेन्सिली डोलवी-पेण परिसरात आरेखनाचे काम केलेल्या पालकांनी दिल्या. संगणक आले आणि आरेखन-फलक अडगळीत गेले. (दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेली कॅम्लिन २०११ पासून जपानच्या कोकुयोशी जोडली गेली आहे आणि तिचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात पाताळगंगेस आहे, हे विद्यार्थ्यांना सांगताना आम्हांस मौज वाटते.)

मागील वर्षी रेखाकला परीक्षेच्या सरावात एका विद्यार्थ्याच्या हातून पेन्सिल पडली व नळी वाकली. कपाटास कुलूप घालावे, असे आमच्यापैकी काहींचे मत झाले. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. देणाऱ्या पालकांस विचारले, तेव्हा त्यांनी पेन्सिल त्या मुलाकडेच ठेवण्यास सांगितले. कुलूप घातले नाही.

ती अर्ध्या मिलिमीटरची, काळी पेंटेल आहे. तिला बसेल असे टोक कोणा माजी विद्यार्थ्याच्या घरी पडून असल्यास विद्यालयास कळवावे.