भंडारदऱ्याला कधी जावे?

भंडारदऱ्याला कधी जावे, असे कुणी विचारले की "पावसाळ्यात" हे ठरलेले उत्तर मिळते. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. तलाव एकच असला तरी वर्षभरात तो चार वेगवेगळी रूपे घेतो. कोणत्या रूपाशी कसे वागायचे हे ठाऊक असेल तर सहलीची गोडी वाढते. ठाऊक नसेल तर ती कधी आपल्या जिवावर बेतते, कधी तिथल्या जिवांवर.

हा तलाव अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आहे. रतनगडाच्या परिसरात उगम पावणाऱ्या प्रवरा नदीवर 1910 मध्ये धरणाचे काम सुरू झाले आणि 1926 मध्ये ते पूर्ण झाले. धरणाला विल्सन यांचे नाव मिळाले आणि जलाशयाला आर्थर यांचे. साठवण सुमारे 11 अब्ज घनफूट. म्हणजे तलाव माणसाने बांधलेला, पण शंभर वर्षांत रानाने त्याला आपलेसे केले आहे. 1986 मध्ये जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचे डोंगर त्याच्या भोवती उभे आहेत. संगमनेर-श्रीरामपूरकडच्या शेतीला इथूनच पाणी जाते. त्यामुळे तलावाची पातळी जशी पावसावर, तशीच शेतीच्या आवर्तनांवरही ठरते.

जुलै-ऑगस्टमध्ये घाटघर, रतनवाडी भागात पाऊस अक्षरशः कोसळतो. कड्याकड्यावरून धबधबे सुटतात, खाचरांत भाताची आवणी चाललेली असते. साधारण पंधरा ऑगस्टच्या सुमारास धरण भरते, असा इथला जुना अनुभव आहे. हा ऋतू डोळ्यांनी पाहण्याचा. वर डोंगरात सर पडली की खालचा ओढा पाहता पाहता फुगतो, म्हणून ओढ्यात, धबधब्याखाली उतरू नये. साम्रदजवळच्या सांदण दरीत तर या दिवसांत पाऊलही टाकू नये. दोनशे फुटांहून खोल अशा त्या अरुंद घळीत पाणी आले, तर बाजूला सरायला जागाच नसते.

पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात सोनकीच्या फुलांनी पठारे पिवळी होतात. तलाव काठोकाठ भरलेला आणि हवा धुतल्यासारखी स्वच्छ. 1646 मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातले सर्वांत उंच शिखर चढायला हे दिवस उत्तम. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. नवरात्रात मात्र देवीच्या दर्शनाला मोठी गर्दी असते.

हिवाळा हा मुक्कामाचा काळ. काठावर तंबू ठोकावा, पहाटे पाण्यावरचे धुके पाहावे, रतनवाडीचे कोरीव अमृतेश्वर मंदिर निवांत न्याहाळावे. सांदण दरीची वाटही आता मोकळी होते. नावेतून फिरताना जीवरक्षक जाकीट अंगात हवेच. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली जुन्या दरीचा उतार आहे. काठापासून थोडे पुढे गेले की तळ एकदम खोल जातो. पोहणाऱ्यांनाही तो फसवतो.

उन्हाळ्यात पाणी उतरते, काठाची माती उघडी पडते. पर्यटक पाठ फिरवतात तो हा काळ; पण मेच्या अखेरीपासून पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत इथे वर्षातला सर्वांत विलक्षण सोहळा असतो. हिरडा, बेहडा, ऐन, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एका लयीत उजळतात आणि विझतात.

हा प्रकाश म्हणजे संभाषण आहे. काजव्याच्या पोटातल्या रसायनाचा प्राणवायूशी संयोग झाला की जवळजवळ उष्णता नसलेला प्रकाश निर्माण होतो. त्या प्रकाशाने नर मादीला खुणावतो आणि मादी त्याला उत्तर देते. अळीच्या रूपात महिनोन् महिने गोगलगायी, किडे खाऊन वाढलेल्या या जिवाला पंख फुटल्यावर जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. तेवढ्यात जोडीदार गाठायचा, अंडी घालायची आणि संपायचे.

अशा वेळी शनिवार-रविवारी मोटारींची रांग झाडापर्यंत येते. दिव्यांचे प्रखर झोत पडतात, मोबाईल चमकतात, कुणी बाटलीत काजवे भरतो. त्या झोतात नराची खूण मादीला दिसत नाही. अनेकदा मादी खाली गवतात बसलेली असते, अंडीही ओल्या मातीतच घातली जातात. पुढच्या वर्षीचा उजेड आपण पायाखाली तुडवतो.

काजवे जरूर पाहावेत. शक्यतो आठवड्यातला मधला दिवस निवडावा. गाडी दूर उभी करून दिवे बंद करावेत, विजेरीला लाल कागद लावावा आणि वाट सोडू नये. वाटाड्या गावातलाच घ्यावा, म्हणजे झाड जपण्यात गावालाही चार पैसे मिळतील. मग पाचएक मिनिटे अंधारात गप्प उभे राहावे. डोळे अंधाराला सरावले की झाड आपोआप उजळते.

तेव्हा भंडारदऱ्याला कोणत्याही ऋतूत जावे. मात्र आपली सुटी कधी आहे एवढेच न पाहता, तलावाची वेळ कोणती चालली आहे हेही पाहून निघावे.