लेखणी आणि सब्र

शीवच्या एका भगिनीने आम्हाला लिहिले आहे, “तीन कथा पाठवल्या, तिन्ही परत आल्या. आता लिहिणे सोडून देऊ का?” त्यांतली एक कथा आम्हीच परत केली होती. म्हणून उत्तर देणे आमच्यावर फर्ज आहे.

भगिनी, सोडू नका. शीवहून लोकलने तीन स्थानके पुढे परळ. त्या गिरणगावात कवी नारायण सुर्वे वाढले. अनाथ बाळाला गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी आणले, आपले नाव दिले. मोठेपणी ते शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला संग्रह 1962 साली निघाला, तेव्हा पस्तिशी उलटली होती. 1995 साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मध्ये तेहतीस वर्षे गेली.

सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. इमाम बुखारी (रह.) यांना हदीससंग्रहासाठी सोळा वर्षे लागली असे सांगतात, त्या वर्षांत ते एकेक रिवायत पारखत होते.

तेव्हा कथा पाठवली की नक्कल जवळ ठेवा आणि दुसरी लिहायला घ्या. परत आलेली कथा महिन्याने मोठ्याने वाचा. जिथे अडखळाल तिथे दुरुस्त करा. इशाच्या नमाजनंतर अर्धा तास लेखणीला द्या. घरच्यांनीही तेवढा वेळ त्यांना हाक मारू नये. कुरआनच्या एका सूरहचे नावच ‘अल-कलम’ आहे.

चौथ्या कथेची आम्ही वाट पाहतो. इन्शाअल्लाह, ती येईल.