सागरी गळ-मासेमारी
उपजीविकेसाठी नव्हे, तर छंद किंवा क्रीडा म्हणून काठी, दोरी व गळ यांच्या साहाय्याने समुद्रात मासे पकडण्याचा एक प्रकार. जाळ्याने केलेल्या मासेमारीत एकाच वेळी अनेक जातींचे मासे मोठ्या संख्येने सापडतात. गळ-मासेमारीत मात्र एका वेळी एकाच माशाशी गाठ असते व त्याला थकवून नावेपर्यंत आणण्यातच या क्रीडेचे कौशल्य असते. ही क्रीडा किनाऱ्यावरून, खाडीतून व नावेतून खुल्या समुद्रात अशी तीन ठिकाणी खेळली जाते. यांपैकी तिसऱ्या प्रकारास सामान्यतः ‘खोल समुद्रातील मासेमारी’ म्हणतात. नवी मुंबई व मुंबई बंदराच्या परिसरातून अशा सफरी निघतात.

इतिहास : हौशी सागरी मासेमारीला संघटित स्वरूप अमेरिकेत आले. १८९८ मध्ये चार्ल्स होल्डर यांनी कॅलिफोर्नियाजवळील सांता कॅटालिना बेटानजीक सु. ८३ किग्रॅ. वजनाचा नीलपर कुपा काठी व रिळाने पकडला. त्याच वर्षी ॲव्हलॉन येथे ‘टूना क्लब’ स्थापन झाला व त्याने माशाला न्याय्य संधी देणारे नियम घातले. १९३९ मध्ये ‘इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. जागतिक विक्रमांची नोंद तीच ठेवते. मासा गळाला लागल्यापासून तो हाती येईपर्यंत त्या व्यक्तीखेरीज अन्य कोणीही काठीला स्पर्श करता कामा नये, हा तिच्या नियमांपैकी एक महत्त्वाचा नियम आहे. ४ ऑगस्ट १९५३ रोजी पेरू देशातील काबो ब्लांको येथे आल्फ्रेड ग्लासेल यांनी पकडलेला ७०७.६ किग्रॅ. वजनाचा काळा मार्लिन हा या क्रीडेतील सर्वांत प्रसिद्ध विक्रमांपैकी एक होय.

भारतात इंग्रजी अंमलात हा छंद प्रामुख्याने नद्यांमधील महसीर माशापुरता राहिला. हेन्री सलिव्हन टॉमस यांचा द रॉड इन इंडिया (१८७३) हा ग्रंथ त्याची साक्ष देतो. मुंबईत १८९१ मध्ये बांधून झालेला पवई तलाव हे गळ-मासेमारीचे जुने संघटित केंद्र असून तेथील संस्था पुढे ‘महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. समुद्रातील गळाची विद्या कोळी समाजाला परंपरेने अवगत होतीच. क्रीडा म्हणून तिचा प्रसार अलीकडचा आहे.

क्षेत्र : नवी मुंबई ठाणे खाडीच्या पूर्व तीरावर वसलेली आहे. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यावर शहराची उभारणी सुरू झाली. परंतु दिवाळे, सारसोळे, वाशी, बेलापूर इ. गावांतील आगरी-कोळ्यांची मासेमारी त्याहून कितीतरी जुनी आहे. येथून निघालेली नाव पनवेल खाडीतून मुंबई बंदरात येते व घारापुरी, उरण मागे टाकून खुल्या समुद्रात शिरते. कुलाब्याच्या दक्षिणेकडील प्राँग्ज दीपगृहाभोवतीचे खडक आणि थळच्या किनाऱ्यासमोरील खांदेरी-उंदेरी बेटांभोवतीचे खडकाळ तळ ही माशांची आश्रयस्थाने होत.

‘खोल समुद्र’ हा शब्द येथे सैल अर्थाने घ्यावा लागतो. मुंबईसमोर सागरमग्न खंडभूमी सु. ३०० किमी. रुंद आहे. किनाऱ्यापासून सु. १६० किमी. अंतरावरील, १९७४ मध्ये शोध लागलेल्या मुंबई हाय तेलक्षेत्रातही पाण्याची खोली सु. ७५ मी. एवढीच आहे. त्यामुळे एका दिवसाची सफर वस्तुतः उथळ, गढूळ किनारी पाण्यातच होते. मार्लिन, सेलफिश, मोठे कुपे यांसारखे निळ्या पाण्यातील मासे येथे क्वचितच लाभतात; त्यांसाठी अंदमान व लक्षद्वीप ही बेटे अधिक अनुकूल आहेत, कारण तेथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्रतळ एकदम खोल जातो. तेल-फलाटांच्या आधाराने मासे गोळा होतात हे खरे. परंतु त्यांच्याभोवतीच्या ५०० मी. सुरक्षा क्षेत्रात नाव नेण्यास मनाई आहे.

साधने व पद्धती : तंतुकाचेची लवचिक काठी, रोधक असलेले रीळ, नायलॉन किंवा विणीव पॉलिएथिलीन दोरी आणि गळ ही मुख्य साधने होत. दोरी तुटण्याच्या ताणापूर्वीच रिळातून ती सुटू लागेल अशा बेताने रोधक जुळवितात. त्यामुळे बारीक दोरीनेही मोठा मासा थकविता येतो. सुरमईसारख्या तीक्ष्ण दातांच्या माशांसाठी गळाच्या वर तारेचा तुकडा जोडतात. चालत्या नावेमागे आमिष ओढणे, कृत्रिम मासा तळापर्यंत सोडून झटक्याझटक्याने वर घेणे आणि नांगर टाकून वजन बांधलेले आमिष तळाशी ठेवणे या तीन पद्धती रूढ आहेत. गढूळ पाण्यात माशाला आमिष दिसण्यापेक्षा त्याचा वास लागणे महत्त्वाचे असल्याने येथे तिसरी पद्धत अधिक फलदायी ठरते. कोळंबी, माकूल, बोई यांचा आमिषासाठी उपयोग करतात.

सफरीची वेळ भरती-ओहोटीवरून ठरते. उधाणाच्या दिवसांत मुंबईजवळ पाण्याची चढ-उतार सु. ५ मी.पर्यंत होते, प्रवाह वेगवान होऊन गाळ उसळतो. डोलीच्या मासेमारीस हे दिवस चांगले, कारण प्रवाहच मासे जाळ्यात लोटतो. गळासाठी मात्र भांगाचे दिवस बरे. तेव्हा पाणी तुलनेने संथ व स्वच्छ असते. याच कारणाने या दोहोंचे दिवस सहसा वेगळे पडतात. हंगाम साधारणतः ऑक्टोबर ते मे असा असतो.

प्रमुख मासे : जिताडा (लेटस कॅल्कॅरिफर) खाडीमुखाशी व खडकांच्या आडोशाला राहतो. पनवेल, पेण व अलिबाग भागांत त्याला विशेष मान आहे. गळ लागताच तो पाण्याबाहेर उसळतो व डोके झटकून गळ सोडविण्याचा प्रयत्न करतो. रावस (एल्युथेरोनेमा टेट्राडॅक्टिलम) याच्या वक्षपराखाली चार सुटे तंतू असतात व गढूळ पाण्यात भक्ष्य शोधण्यास ते उपयोगी पडतात. घोळ (प्रोटोनिबिया डायाकँथस) हा तळाशी वावरणारा मोठा मासा असून वाताशयाच्या साहाय्याने तो ढोलासारखा आवाज करतो. ‘बोत’ या नावाने विकल्या जाणाऱ्या या वाताशयाला फार मोठी किंमत येते. खडकाळ तळावर तांबोशी, गोबरा व वाम मिळतात. गोबरा गळ लागताच कपारीत शिरू पाहतो, म्हणून पहिल्या क्षणीच त्याला वर खेचावे लागते. अधिक बाहेरच्या, स्वच्छ पाण्यात सुरमई व सकला हे वेगवान मासे ओढत्या आमिषावर झेपावतात. यांखेरीज शिंगाळा, करकरा व लहान मुशी वारंवार गळाला लागतात.

संरक्षण व नियम : जिताडा व रावस हे मासे आयुष्याच्या पूर्वार्धात नर असतात व मोठे झाल्यावर मादी होतात, गोबऱ्याच्या बाबतीत हा क्रम उलटा असतो. त्यामुळे मोठे जिताडे व रावस वेचून नेल्यास अंडी घालणाऱ्या माद्या घटतात, तर मोठे गोबरे नेल्यास नर घटतात. सर्वांत मोठा मासा मिळविण्याची हौस माशांच्या पुढील पिढीच्या मुळावर येऊ शकते, ती या कारणाने. यास्तव मासा मोजून परत सोडण्याची प्रथा जगभर रुजली आहे. सोडावयाचा मासा ओल्या हाताने धरावा, कल्ल्यांना स्पर्श करू नये व तो शक्य तितका कमी वेळ पाण्याबाहेर ठेवावा. ओठाच्या कोपऱ्यात रुतणारा वर्तुळाकार गळ वापरल्यास मासा जगण्याची शक्यता वाढते. तथापि, खोल तळातून वर आणलेल्या घोळीचे वाताशय दाब कमी झाल्याने फुगते व आतील इंद्रियांना इजा होते; असा मासा सोडला तरी पुष्कळदा जगत नाही. अशा ठिकाणी गरजेपुरते मासे मिळताच गळ आवरणे हाच खरा उपाय होय.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. या काळात अनेक जातींचे प्रजनन होते व समुद्रही खवळलेला असतो. राज्याच्या जलधिक्षेत्रातील मासेमारीचे नियमन महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये होते. देवमुशी, करवती मासे व महाकाय गोबरा यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण असल्याने ते गळाला लागल्यास ताबडतोब सोडणे आवश्यक असते.

ठाणे खाडीचे मत्स्यजीवन गेल्या अर्धशतकात बरेच पालटले आहे. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील व शहरांतील सांडपाणी, किनाऱ्यावरील भराव, १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा येथील बंदर आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू यांमुळे पारंपरिक मासेमारीची जागा आक्रसली आहे. हौशी मंडळींच्या सफरी बहुधा कोळी तांडेलाच्या भरवशावरच चालतात. खडक कोठे आहे, प्रवाह केव्हा फिरेल आणि मासा कोठे थांबेल हे ज्ञान त्याच्याकडे असते. या ज्ञानाचा योग्य मोबदला मिळाल्यास ही क्रीडा कोळी कुटुंबांना पूरक उत्पन्न देऊ शकते. मात्र त्यांच्या जाळ्यांच्या जागा टाळणे व हौसेने पकडलेले मासे बाजारात न विकणे ही पथ्ये पाळली गेली नाहीत, तर तीच त्यांच्याशी स्पर्धा करू लागते.