गोदीतला परदेशी शिंपला

हातकणंगल्याजवळ पंचगंगेच्या पात्रात शिंपले वाळू-चिखलात रुतून बसतात, हे तुम्ही पाहिले असेल. मुंबईच्या गोदीतला एक शिंपला मात्र धाग्यांनी भिंतींना, खांबांना झुपक्याझुपक्यांनी चिकटतो. नाव मायटिलॉप्सिस सॅली. लांबी जेमतेम बोटाच्या पेराएवढी. मूळ घर कॅरिबियन समुद्राकडचे. भारतात तो १९६७च्या सुमारास विशाखापट्टणम बंदरात आढळला, नंतर मुंबईत.

एवढ्या दूर तो आला कसा? जहाजांच्या बुडाला चिकटून. शिवाय रिकामे जहाज तोल राखण्यासाठी टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेते. त्यातून त्याचे डिंभ, म्हणजे पोहणारी पिले, येऊ शकतात. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे झाले की बरेच सागरी जीव मरतात. हा पठ्ठ्या टिकतो आणि महिन्याभरात वयातही येतो!

१९९९ साली ऑस्ट्रेलियात डार्विन येथे तो दिसताच होड्यांच्या तीन गोद्या बंद करून पाण्यात क्लोरीन व तांब्याचे क्षार ओतले. शिंपला नष्ट झाला. बरोबर तिथले इतर जीवही मेले. उपाय क्रूरच, पण मला तो पटतो. त्या गोद्यांना दारे होती. खाडीला ती नसतात.

जहाजांतील या पाण्याविषयी २००४ साली आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१७पासून तो अमलात आहे. बुडाला चिकटून येणाऱ्यांना मात्र तो लागू नाही.