बीएमआय सारखा, चरबी दुप्पट

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. तो 30 किंवा जास्त भरला, की जागतिक आरोग्य संघटनेच्या लेखी माणूस लठ्ठ. अमेरिकेत दहा प्रौढांमागे चार जण असे. जपानमध्ये विसांत जेमतेम एक. तरीही तिथे 2008 पासून चाळिशीपुढच्यांच्या कमरेला तपासणीत टेप लागते! पहिल्या नंबरांवर मात्र टोंगा, नाउरू ही पॅसिफिक बेटं. मासे-कंदमुळांच्या ताटात तिथे डबाबंद मांस आलं, न्यूझीलंडहून मेंढीच्या पोटाचे चरबीदार तुकडे आले. आज निम्म्याहून अधिक प्रौढ लठ्ठ आहेत.

भारताचा आकडा लहान दिसतो, पण त्यावर जाऊ नका. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी? युडकिन 9.1 टक्के, याज्ञिक 21.2. भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेघ 25 वरच ओढतात, ती अशा लपलेल्या चरबीमुळे. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत धावत गाठणं, अशी मिश्कील कबुलीही फोटोसोबतच्या लेखात आहे.