संधी चार, पण गुण कुणाच्या हातात?

डॉक्टर व्हायचे तर अभ्यास केलाच पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. रोगी कुठल्याही जातीचा असो, त्याला कच्चा डॉक्टर नको. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२३ चे नियम म्हणूनच कडक आहेत. थिअरीला ७५ टक्के, प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी. पहिल्या वर्षाला जास्तीत जास्त चार संधी. प्रवेशापासून नऊ वर्षांत एमबीबीएस पूर्ण, नाहीतर घरी. ठाणे महापालिकेच्या कळव्यातील राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयाला हेच लागू आणि अंबरनाथला २०२४ मध्ये सुरू झालेल्या शासकीय महाविद्यालयालाही हेच. कल्याण-डोंबिवली, उल्हासनगरच्या वस्त्यांतील आपल्या मुलामुलींना हीच दोन सरकारी दारे जवळची आहेत.

आमचा आक्षेप कडकपणाला नाही. लेखी उत्तरपत्रिकेवर नाव नसते. तोंडी परीक्षेत मात्र विद्यार्थी आडनावासकट समोर बसतो. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण तर विभागातच दिले जातात आणि ते कमी पडले की विद्यापीठाच्या परीक्षेलाच बसता येत नाही. मग चार संधींचा हिशेब कोण ठेवणार?

हा आमचा कल्पनाविलास नव्हे. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाच्या तक्रारींवर २००६ मध्ये प्रा. सुखदेव थोरात समिती नेमावी लागली. त्याच दिल्लीत वर्धमान महावीर वैद्यकीय महाविद्यालयात अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी शरीरक्रियाशास्त्र या एकाच विषयात पुन्हा पुन्हा नापास होत होते. बाकीचे विषय सुटत, हाच अडकत असे. डॉ. भालचंद्र मुणगेकर यांनी चौकशी केली आणि २०१२ च्या अहवालात जातीय भेदभाव झाल्याचे स्पष्ट नोंदवले. गुणवत्तेच्या नावाने गळे काढणाऱ्यांनी तो अहवाल वाचला आहे काय?

आता वर्तणुकीकडे वळू. नीतिमत्ता आणि रुग्णाशी संवाद हा २०१९ पासून अभ्यासक्रमाचाच भाग आहे. त्याच वर्षी, २२ मे रोजी, मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी गेली. जळगावची आदिवासी मुलगी, स्त्रीरोगशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी. जातीवरून छळ केल्याचा आरोप तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर ठेवला गेला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उर्वरित शिक्षण पूर्ण करण्याची परवानगी दिली. पायलच्या आई आबेदाताई मात्र न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिल्या.

वकील म्हणून एक गोष्ट आम्ही पालकांना आवर्जून सांगतो. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य आढळले तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करायचे आणि तक्रार पोलिसांकडे पाठवायची. हे केले नाही तर खुद्द संस्थाप्रमुख गुन्ह्याला साहाय्य केल्याबद्दल जबाबदार ठरतो. दोषी विद्यार्थ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच वर्षे अन्यत्र प्रवेश बंद. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये जातीवरून होणारा शारीरिक-मानसिक छळही रॅगिंगच्या व्याख्येत घातला. पण आपली माणसे बहुतेक तोंडीच तक्रार करतात. "सर बघतो म्हणाले" याला न्यायालयात किंमत शून्य!

म्हणून तक्रार लेखी द्या, पोच घ्या, तारीख टाका. हजेरीची आणि अंतर्गत गुणांची नोंद प्रत्येक सत्राला पाहा. नापास झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे. तोंडी परीक्षेची मात्र अशी उत्तरपत्रिका नसते, आणि खरी अडचण तिथेच आहे. त्या परीक्षेचे ध्वनिचित्रमुद्रण करा, परीक्षक मंडळावर अनुसूचित जाती-जमातींचा एक तरी अध्यापक ठेवा, ही मागणी आम्ही करतो. कळवा आणि अंबरनाथच्या अधिष्ठात्यांना निवेदन देताना भीमनगरापासून विठ्ठलवाडीपर्यंतच्या कार्यकर्त्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा: रॅगिंगविरोधी समितीवर कोण आहेत आणि ती शेवटची कधी बसली?