मुंबई हायची पन्नास वर्षं, खानदेशातून पाहताना

पारोळ्यावरून धुळे-जळगाव असा जो महामार्ग जातो, त्याची सुरुवात सुरतेजवळच्या हजिऱ्यात होते. पूर्वी त्याला सगळे ‘सहा नंबर’ म्हणायचे आणि तो हजिरा ते कोलकाता असा होता. आता त्याचा क्रमांक 53 आहे आणि तो ओडिशातल्या पारादीपला जाऊन संपतो. हजिऱ्याला अरबी समुद्रातला नैसर्गिक वायू किनाऱ्याला लागतो, पारादीपला इंडियन ऑइलचा शुद्धीकरण कारखाना आहे. आपला कापूस, केळी आणि मका ज्या रस्त्यानं जातो, त्याच्या दोन्ही टोकांना तेल आणि वायूचा व्यवहार आहे. मधल्या मुलखाकडे मात्र तेलाच्या चर्चेत कुणी फिरकलं नाही. म्हणूनच मुंबई हायची पन्नास वर्षं इथून पाहावीशी वाटतात. देशानं तेल किती काढलं, कुणी काढलं आणि कुणाला दिलं यावर या काळात निवडणुका लढवल्या गेल्या, संसद बंद पडली. किती जाळलं, हा प्रश्न कुणी मनावर घेतला नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची खरी चूक तीच आहे.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आसाम सोडलं तर देशात तेल नाही, असंच विदेशी कंपन्यांचं म्हणणं होतं. बर्मा-शेल, स्टॅनव्हॅक (पुढची एस्सो) आणि कॅल्टेक्स या तिघींच्या हाती सगळा बाजार होता. मुंबईत ट्रॉम्ब्याला त्यांच्यापैकी दोघींचे शुद्धीकरण कारखाने 1954-55मध्ये उभे राहिले आणि कच्चं तेल त्या आपल्याच विदेशी विहिरींतून आणत. नेहरूंच्या मंत्रिमंडळातल्या केशवदेव मालवीय यांना हे मान्य नव्हतं. ऑगस्ट 1956मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू आयोग, म्हणजे आपली ओएनजीसी, स्थापन झाला आणि मालवीयांनी सोव्हिएत आणि रुमानियन तज्ज्ञांना बोलावून घेतलं. 1958मध्ये खंभातजवळ लुणेजला तेल लागलं, 1960मध्ये अंकलेश्वरला. त्याच वर्षी सोव्हिएत संघानं स्वस्तात कच्चं तेल देऊ केलं, तेव्हा ते आपल्या कारखान्यांत शुद्ध करायला या कंपन्यांनी साफ नकार दिला. तेलावरचा हक्क म्हणजे काय, हे दिल्लीला त्या नकारानं जितकं कळलं तितकं कुठल्या भाषणानं कळलं नसेल.

अंकलेश्वर आपल्याला परकं नाही. नवापूर ओलांडलं की सुरतेचा टापू सुरू होतो. उधना-लिंबायतात खानदेशी वस्त्याच्या वस्त्या आहेत, आपल्याकडची कितीतरी घरं त्या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या पगारावर उभी राहिली. भारतीय तेलाच्या पहिल्या मोठ्या यशाची जागा खानदेशातल्या माणसाला पोटापाण्याचं ठिकाण म्हणून आधी ठाऊक झाली.

मग 1973 साल आलं. महाराष्ट्र बहात्तरच्या दुष्काळातून नुकता बाहेर पडत होता. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झालं आणि तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप जानेवारी 1974पर्यंत साडेअकरा डॉलरच्या वर गेलं. अर्थखातं तेव्हा यशवंतराव चव्हाणांकडे होतं. पुढच्या वर्षभरात देशाचं तेल आयातीचं बिल दुपटीवर गेलं. पेट्रोलची भाववाढ झाली म्हणून नोव्हेंबर 1973मध्ये अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीत बसून संसदेत आले. दिल्लीला त्या दृश्याचं अप्रूप वाटलं. पारोळा-अमळनेरच्या शेतकऱ्याची तर बैलगाडी हीच गाडी होती. डिझेलचा भाव त्याच्या शिवारापर्यंत पोचायला अजून काही वर्षं होती.

त्याच धामधुमीत ‘सागरसम्राट’ आला. जपानमध्ये हिरोशिमाला मित्सुबिशीनं बांधलेलं हे समुद्रात पाय रोवून उभं राहणारं छिद्रण जहाज. सोव्हिएत सर्वेक्षण जहाजानं साठच्या दशकात मुंबईच्या पश्चिमेला समुद्रतळाखाली एक प्रचंड उंचवटा शोधून ठेवला होता. किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर सागरसम्राटनं तिथं भोक पाडायला घेतलं आणि फेब्रुवारी 1974मध्ये तेल लागलं. 21 मे 1976ला उत्पादन सुरू झालं. मागून सागरसम्राटचं चित्र एक रुपयाच्या नोटेवर आलं. बाजारच्या दिवशी मेथीची जुडी घेऊन नोट पुढे करणाऱ्या बाईच्या हातात तेलाचा मनोरा होता. स्वावलंबनाचं स्वप्न घरोघर पोचवण्याचा असा उपाय नंतर कुणाला सुचला नाही.

पुढची दहा वर्षं खरोखर अभिमानाची होती, आणि ते मोकळेपणानं म्हटलं पाहिजे. 1980-81मध्ये देशाचं कच्च्या तेलाचं उत्पादन सुमारे साडेदहा दशलक्ष टन होतं. 1984-85मध्ये ते 29 दशलक्ष टनांवर गेलं. तेव्हा देशाची गरज साधारण 39 दशलक्ष टनांची. चार वर्षांत उत्पादन जवळजवळ तिप्पट! तोवर एस्सो, बर्मा-शेल आणि कॅल्टेक्स यांचंही राष्ट्रीयीकरण होऊन हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम उभ्या राहिल्या होत्या. मालवीय 1963मध्ये मंत्रिपदावरून पायउतार झाले होते. ते 1974मध्ये पुन्हा पेट्रोलियम मंत्री झाले, आणि मुंबई हायचं तेल येऊ लागलेलं त्यांनी खुर्चीत बसून पाहिलं.

पण घाई अंगाशी आली. तेलाच्या थरातला दाब टिकवायचा तर उपशाच्या प्रमाणात आत पाणी सोडावं लागतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी उपसा पुढे गेला आणि पाणी सोडणं मागे राहिलं, अशी टीका झाली. 1989-90मध्ये 34 दशलक्ष टनांवर पोचलेलं देशाचं उत्पादन 1992-93मध्ये 27 दशलक्ष टनांवर आलं. विहिरीचं पाणी एका हंगामात उपसून केळीची बाग लावणाऱ्याचं पुढच्या उन्हाळ्यात काय होतं, हे चोपडा-रावेरच्या लोकांना सांगायला नको. राजकीय टाळ्यांसाठी विहिरीचा वेग ठरू नये, हा धडा तेव्हाच घ्यायला हवा होता.

वायूची गोष्ट वेगळी, आणि महाराष्ट्राच्या मनाला ती अधिक लागलेली. तेलाबरोबर निघणारा वायू सुरुवातीला कित्येक वर्षं समुद्रातच जाळून टाकला जात होता. या वायूवर चालणारा खताचा कारखाना अलिबागजवळ रेवस-मांडव्याला काढायचा बेत होता. पर्यावरणवाद्यांनी विरोध केला आणि तो थळ-वायशेतला गेला. दक्षिण बसीन क्षेत्रातला वायू मात्र हजिऱ्याला उतरवायचं ठरलं आणि तिथून हजिरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनी मध्य प्रदेशातून उत्तर प्रदेशात गेली. मुंबईसमोरच्या समुद्रातला वायू गुजरातच्या किनाऱ्यावर का, हा प्रश्न मला रास्त वाटतो. पण वायूच्या राजकारणात खानदेशाचं नाव घ्यायलाही कुणी नव्हतं, हे अधिक बोचतं. आपल्याकडे वायू आला तो खताच्या गोणीतून. आरसीएफ या सरकारी खत कंपनीचं ‘उज्ज्वला’ किंवा ‘सुफला’ घेण्यासाठी जूनमध्ये दुकानापुढे रांगेत उभ्या राहणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुंबई हायशी असलेला संबंध एवढाच.

नव्वदच्या दशकात बाजार खुला झाला आणि वादाची दिशा बदलली. विदेशी कंपनी नको इथून सुरू झालेली चर्चा विदेशी कंपनीला किती द्यायचं इथवर आली. ओएनजीसीनं शोधलेली पन्ना-मुक्ता आणि ताप्ती ही क्षेत्रं डिसेंबर 1994च्या करारानं एन्रॉन, रिलायन्स आणि ओएनजीसी यांच्या संयुक्त उपक्रमाकडे गेली. शोधायचं सरकारनं आणि मलई दुसऱ्यांनी खायची, हा आरोप तेव्हापासूनचा. महाराष्ट्रात तेव्हा सगळं लक्ष एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाकडे होतं, त्यामुळे समुद्रातल्या या कराराची चर्चा मागे पडली. ताप्ती क्षेत्राला नाव आपल्या तापीचं. पारोळ्याची बोरी तापीला मिळते आणि तापी त्याच समुद्राला. पुढे एन्रॉन बुडाली, तिचा वाटा ब्रिटिश गॅसकडे गेला, आणि 2019च्या अखेरीस कराराची मुदत संपली.

1999 ते 2004 या काळात पेट्रोलियम मंत्री होते राम नाईक. गॅसच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षं चालणारी प्रतीक्षा त्यांच्या काळात संपत आली. रशियातल्या साखालिन प्रकल्पात ओएनजीसी विदेशनं वाटा घेतला तो 2001मध्ये. हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम विकण्याला मंत्रिमंडळात राहून त्यांनी विरोध केला, आणि संसदेच्या मंजुरीशिवाय त्या विकता येणार नाहीत असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2003मध्ये दिला. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग 2001मध्ये मिरज आणि मनमाडला झाले; मनमाड म्हणजे आपल्या दारातच. आज त्या इथेनॉलसाठी मका जातो आणि मक्याचा भाव त्यावर हलतो. पक्ष कुठलाही असो, मागणीच्या बाजूनं काही करून पाहणारे मंत्री थोडेच झाले आणि नाईकांचं नाव त्यांत घ्यावं लागेल.

खानदेशाच्या जमिनीखाली तेल आहे का, हा प्रश्नही विचारून झाला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं कृत्रिम हादरे देऊन जमिनीचे थर तपासले, त्यातली एक रेषा थुआदरा-सेंधवा-सिंदाड अशी, नर्मदा आणि तापी ओलांडून पाचोऱ्याकडच्या सिंदाडपर्यंत आलेली. दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकाखाली त्याहून जुने गाळाचे थर दडलेले असावेत, असं त्या अभ्यासांतून पुढे आलं. तेल अशाच गाळात तयार होतं. पण गाळ असणं आणि तेल असणं यांत मोठं अंतर आहे. महाराष्ट्राच्या भूमीवर व्यापारी उत्पादन देणारी तेलविहीर आजवर लागलेली नाही. शास्त्रज्ञांनी हा शोध जरूर चालू ठेवावा. पुढाऱ्यांनी त्यावर आशा विकू नये.

पुढचा काळ भावांचा. जून 2010मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर 2014मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. तोवर बैलजोडी परवडेनाशी झाली होती आणि नांगरट, रोटाव्हेटर, मळणी सगळं डिझेलवर आलं होतं. स्वस्त रॉकेल आणि महाग डिझेल यांच्यातल्या फरकावर भेसळीचा धंदा पोसला गेला; तो रोखायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जानेवारी 2011मध्ये मनमाडजवळ जिवंत जाळण्यात आलं. समुद्रातही माणसं गेली. 27 जुलै 2005ला मुंबई हायवरचा एक मनोरा आगीत नष्ट झाला आणि 22 जण मेले. मे 2021मध्ये तौक्ते वादळात पी-305 तराफा बुडाला, त्या दुर्घटनेत 70हून अधिक कामगारांचा जीव गेला. ऊर्जा स्वातंत्र्याच्या भाषणांत ही नावं कधी येत नाहीत.

मार्च 2015मध्ये पंतप्रधानांनी 2022पर्यंत आयात दहा टक्क्यांनी कमी करण्याचं लक्ष्य ठेवलं. तेव्हा आयातीचा वाटा 77 टक्क्यांच्या आसपास होता. 2023-24मध्ये तो 87 टक्क्यांच्या वर गेला. त्या वर्षी देशात निघालेलं कच्चं तेल सुमारे 29 दशलक्ष टन, म्हणजे 1984-85 इतकंच. आणि वापर? 39 वरून सुमारे 234 दशलक्ष टनांवर. युक्रेन युद्धापूर्वी रशियाचं तेल आपल्या आयातीत दोन टक्क्यांच्या आसपास होतं, नंतर ते एक तृतीयांशाच्या घरात गेलं. अवलंबून राहणं तसंच, फक्त दार बदललं. 2025मध्ये मुंबई हायचं उत्पादन वाढवण्यासाठी ओएनजीसीनं बीपी या ब्रिटिश कंपनीशी करार केला. जुन्या विहिरींतून आणखी काही निघेल आणि निघावंही. पण सहापट झालेल्या वापराला ते पुरणार नाही.

धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013पासून चालू आहे. खानदेशाचं ऊन हेच खानदेशाचं तेल, असं म्हणताना विखरणच्या धर्मा पाटलांना विसरता येणार नाही. वीज प्रकल्पात गेलेल्या जमिनीचा तुटपुंजा मोबदला मिळाला म्हणून जानेवारी 2018मध्ये त्या वृद्ध शेतकऱ्यानं मंत्रालयात विष घेतलं आणि ते गेले. तेलाच्या वेळी वायू आपल्याला वळसा घालून गेला. उन्हाच्या वेळी जमीन आपली जाते आणि वीज कुणाची, हे अजून ठरायचं आहे.

म्हणून पुढच्या निवडणुकीत पारोळ्याच्या चौकात कुणी ऊर्जा स्वावलंबनावर बोलायला उभं राहिलं, तर त्याला तीन प्रश्न विचारा. तालुक्यातल्या किती शेतीपंपांना दिवसा वीज मिळाली? धुळे-जळगाव मार्गावरच्या किती एसट्या डिझेलवरून विजेवर आल्या? प्रकल्पात गेलेल्या एकराला काय भाव दिला? आकडे मागा, आणि ते लिहून घ्या.